तुम्ही आधीच ओळखलेला कलाकार: अनुभव धागा (निमित्त छाया कदम)

निशिगंधा_७

ऑफिसात माझ्या शेजारी बसते ती लखनौची. आज दुपारी तिने फोन माझ्यापुढे धरला. 'लापता लेडीज'मधल्या मंजू माईला, म्हणजे छाया कदम यांना, सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं त्याची बातमी. म्हणाली, "ये तो तुम्हारे यहाँ की हैं ना? पहले क्या करती थीं?"

आधी काय करायच्या! मला एकदम भरूनच आलं. किती सांगू असं झालं आणि तोंडातून निघालं फक्त "बहुत कुछ".

फेब्रुवारी २०१४. 'फँड्री' लागला त्याच आठवड्यात आईला घेऊन गेले होते. गुडघे दुखतात म्हणून आई थिएटरात यायलाच तयार नसायची. शेवटाकडे डुक्कर पकडायला सगळं घर उतरतं आणि शाळेतली पोरं हसत बघत असतात, ते आठवतंय ना? जब्याच्या आईकडे बघा त्यात. तिला जगाने काय बघितलं याची फिकीर करायलाही सवड नाही, हातातलं काम उरकायचंय. मला ते बघून पोटात कालवलं. बाहेर पडताना आई म्हणाली, "ही नटी नाही गं, खरीच तिथली असणार. कष्टाच्या बाईचं अंग आहे ते." मी नाव वाचायला थांबले, तर दिवे लागले, पुढचे लोक उठून उभे राहिले आणि नाव निघून गेलं. घरी येऊन शोधलं. छाया कदम. तेव्हापासून हे नाव दिसलं की मी थांबतेच. 'सैराट'मध्ये हैदराबादला आर्ची-परश्याला आसरा देणारी सुमनअक्का पडद्यावर आली, तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईंना मी हात लावून सांगितलं, "ही फँड्रीतली आई!"

तुमचं असं कोण आहे? तुम्ही ज्याला फार आधी मनात जागा दिली आणि मग सगळ्या जगाने दिली? लिहा ना. लहान-मोठं कसंही चालेल.

सड्यावरचा_वारा

रेडू!! रेडू कसा विसरलात? २०१८चा, मालवणीतला. शशांक शेंडे आणि छायाताई. आमच्या आजीला लॅपटॉपवर लावून दिला होता. आजीला ऐकू कमी येतं, तरी पाचव्या मिनिटाला म्हणाली, "ह्या बायलमाणसाचा घर खंय? आपल्याच वाडयेतला दिसता." ही नटी आहे हे तिला मी शेवटपर्यंत पटवू शकलो नाही. मालवणी बोलायची म्हणून शब्द ओढून बोलणारे खूप बघितलेत. इथे तसं काहीच नव्हतं.

आजी आता नाही. मंजू माई तिने बघायला हवी होती.

रातराणी

अगदी अगदी. कुकर लावलाय, परत येते.

भिंगरी२२

मी 'लापता लेडीज'मुळेच ओळखायला लागले आणि मग उलटी मागे मागे गेले. 'अंधाधुन' दोनदा बघितलेला, त्यातली लॉटरीवाली सखू म्हणजे याच हे कळल्यावर रात्री साडेअकराला उठून परत लावला. 'गंगूबाई'त पण आहेत. 'झुंड'मध्येही. किती वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होत्या आणि मी नाव विचारलं नाही याचं खरंच वाईट वाटलं. आता उशिरा आलेल्यांनाही या धाग्यात जागा द्या.

निशिगंधा_७

@भिंगरी२२ अगं जागा कसली देतेस-घेतेस. तू मागे जाऊन सगळं बघितलंस हेच केवढं आहे. 'न्यूड' बघितलास का? नसेल तर बघ. (२०१८चाच.)

दख्खनची_राणी

माझे सासरे मुंबई पोलिसात हवालदार होते, ३४ वर्षं. ते वेब सिरीज वगैरे बघत नाहीत, पण २०१८ मध्ये मुलाने 'सेक्रेड गेम्स' लावलं होतं आणि ते पेपर वाचत बाजूला बसले होते. जितेंद्र जोशीचा काटेकर आला. पेपर खाली गेला. थोड्या वेळाने म्हणाले, "हा माणूस कधीतरी चौकीत बसलेला आहे." साहेबाच्या अर्धं पाऊल मागे चालणं, गाडीत बसल्यावर पट्टा सैल करणं, घरच्या फोनवर हळू आवाजात बोलणं... हे सगळं ते मला दाखवत होते, जणू त्यांच्याच नोकरीचा अल्बम उघडलाय.

काटेकर गेला त्या भागानंतर ते काही न बोलता गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्यांच्या सोबतचे एक जण ड्यूटीवर असताना वारले होते, ते आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं. इतक्या वर्षांत घरी कधी बोललेच नव्हते.

आम्ही 'तुकाराम' बघितलेलं असल्याने मला नट म्हणून माहीत होताच. पण नंतर परराज्यातले लोक "काटेकर, काटेकर" करायला लागले तेव्हा सासरेबुवांना इतका अभिमान वाटला, त्यांच्याच खात्यातल्या माणसाला पदक मिळाल्यासारखा. २०२१ला 'गोदावरी'साठी गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं रौप्य मयूर मिळालं, ती बातमी त्यांनी कापून ठेवलीये.

रातराणी

@दख्खनची_राणी वाचून डोळे भरले. तुमच्या सासऱ्यांना नमस्कार सांगा.

टपाल_खातं

'अ‍ॅनिमल'मधला फ्रेडी पाटील!!!!

१ डिसेंबर २०२३, बंगळुरू, रात्रीचा शो. थिएटरात मराठी माणूस बहुतेक मी एकटा. उपेंद्र लिमये आला आणि पुढची काही मिनिटं शिट्ट्या थांबेनात. माझ्या मागचा मुलगा मित्राला कन्नडमध्ये विचारत होता, हा कोण, हा कोण. मी वळून म्हणालो, नॅशनल अवॉर्ड विनर आहे, 'जोगवा', नाव लिहून घे. त्याने खरंच फोनमध्ये लिहून घेतलं.

पिक्चर मला आवडला नाही, ते वेगळं. पण त्या माणसाला १३ वर्षं आधी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता (२००८ सालचा, ५६वे पुरस्कार) आणि देशभर ओळख झाली ती त्या छोट्याशा भूमिकेने. आनंद झाला आणि घशात काहीतरी अडकलंही. 'जोगवा'त साडी नेसून, डोक्यावर देवीचा जग (टोपलीतली मूर्ती) घेऊन चालणारा तायप्पा ज्याने बघितलाय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. त्याच वर्षी गायनाचे दोन्ही राष्ट्रीय पुरस्कारही त्या चित्रपटातल्या गाण्याला होते, हरिहरन आणि श्रेया घोषाल. लोकांना गाणं पाठ आहे. तायप्पा किती जणांना माहितीये?

चष्मेबद्दूर_नागपूर

'मुळशी पॅटर्न'चा इन्स्पेक्टर कडू पण विसरू नका. आमच्या कॉलेजात महिनाभर पोरं त्याच्यासारखीच बोलत होती.

ओवी_आणि_अभंग

'जोगवा' सध्या कुठे बघायला मिळेल?

भिंगरी२२

'मडगाव एक्स्प्रेस'मध्ये तर लिमये आणि छायाताई दोघंही आहेत, मेंडोझा आणि कांचन कोंबडी!! मी आणि नवरा हसून हसून सोफ्यावरून खाली. आणि बघा ना, 'लापता लेडीज' १ मार्च २०२४, हा २२ मार्च, आणि मे महिन्यात कान चित्रपट महोत्सव. तीन महिन्यांत एकच बाई तीन टोकांना.

मोरपंखी

अवांतर विचारते, कानला छायाताईंनी नेसली होती ती त्यांच्या आईची साडी होती ना? नथ पण आईचीच?

निशिगंधा_७

@मोरपंखी हो. आई हयात नाही, तिला विमानातून न्यायचं स्वप्न राहून गेलं, म्हणून तिची साडी आणि नथ घेऊन गेले असं त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. मी ते बसमध्ये वाचलं आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

मोरपंखी

माझ्या आईच्या तीन साड्या कपाटात आहेत. सहा वर्षं झाली. उघडून बघायचा धीर होत नाही. मागे एक काढली तर घडीवर चिरली होती.

रातराणी

@मोरपंखी अगं वर्षातून दोनदा तरी घड्या बदलायच्या, एकाच घडीवर राहिली की रेशीम तिथेच फाटतं. जुन्या सुती धोतरात किंवा मलमलमध्ये गुंडाळ, प्लास्टिकची पिशवी नको. डांबर गोळ्या जरीला लागू देऊ नकोस, जर काळी पडते. चिरलेली आहे ती टाकू नको. रफू होते, नाहीतर काठ काढून ब्लाउजला लावता येतात.

आणि नेस गं एकदा. घरातल्या घरात नेसलीस तरी चालेल.

मोरपंखी

नेसते. थँक्यू.

पायवाट

लॉकडाऊन. मे २०२०. माझी नोकरी एप्रिलमध्ये गेली होती आणि घरात फक्त बायकोला माहीत होतं. आईबाबांसमोर रोज सकाळी लॅपटॉप उघडून बसायचो. रात्री झोप यायची नाही, त्यातच 'पाताल लोक' लावलं. जयदीप अहलावतचा इन्स्पेक्टर हाथीराम चौधरी. मुलगा बापाला मोजत नाही, हाताखालून शिकून गेलेले वर चढलेत, वरचे साहेब त्याला हरण्यासाठीच केस देतात. तो माणूस खुर्चीत ज्या पद्धतीने बसतो ना, पाठ थोडी वाकलेली आणि मान वर धरायचा प्रयत्न, मी त्या महिन्यात आरशात तेच बघत होतो. सलग सगळं बघितलं. पहाटे बायकोला उठवलं आणि म्हटलं, उद्या बाबांना सांगूया. सांगितलं.

नंतर शोधलं तर कळलं, 'गँग्ज ऑफ वासेपूर'मधला शाहिद खान हाच. 'राझी'तला खालिद मीर हाच. दहा वर्षं हा नट काम करत होता. एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटची २००८ची बॅच, राजकुमार राव, विजय वर्मा, सनी हिंदुजा सगळे एकत्र, म्हणजे शिकलाही आमच्याच पुण्यात. २०२५च्या जानेवारीत दुसरा सीझन आला तेव्हा माझी नोकरी, घर सगळं रुळावर होतं. तरी पहिल्या प्रसंगात तो दिसला आणि मी बायकोचा हात धरला.

सड्यावरचा_वारा

@पायवाट 'थ्री ऑफ अस' बघा मग. वेंगुर्ल्यातला बँकेचा माणूस केलाय त्याने, शेफाली शहासोबत. दिग्दर्शक अविनाश अरुण, 'किल्ला'वाला. पाताल लोकच्या दिग्दर्शकांतही तो आहे. हरयाणाचा माणूस आमच्या वेंगुर्ल्यात इतका मुरलेला बघून मी थक्क. घाई नाही, कशाचीच.

पायवाट

बघितलाय. दोनदा. दुसऱ्यांदा बाबांबरोबर.

विंगेतला

मी हौशी रंगभूमीवर काम केलंय, राज्य नाट्य स्पर्धा, एकांकिका वगैरे, आणि मालिकांमध्ये एकेक दिवसाची कामं. म्हणून थोडं दुसऱ्या बाजूने लिहितो.

एका दिवसाच्या भूमिकेत सकाळी सातला बोलावतात. मेकअप होऊन तुम्ही बसता. तुमचा सीन कधी लागेल ते कुणी सांगत नाही. रात्री साडेआठला हाक येते, तेव्हा प्रमुख कलाकारांना घरी जायचं असतं, दोन टेकमध्ये उरकतं. तुम्ही दिवसभर मनात जे जमवलेलं असतं त्यातलं निम्मं कॅमेऱ्यापर्यंत पोचतच नाही, कारण कॅमेरा तुमच्यावर नसतोच. पैसे ९० दिवसांनी. नाव श्रेयनामावलीत येईलच असं नाही.

म्हणून छायाताई, लिमये, जोशी, अहलावत यांच्याबद्दल "अचानक प्रसिद्ध झाले" असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही. दोन मिनिटांच्या कामातही छायाताईंनी काय भरून ठेवलंय ते जाऊन बघा. चहाचा कप पुढे करण्यात माणसाचा अख्खा स्वभाव दाखवायचा, हे दहा-पंधरा वर्षं रोज केल्याशिवाय येत नाही. मी ते करून बघितलंय, मला तेवढं आलं नाही, म्हणून ते किती अवघड आहे हे मला माहीत आहे. निशिगंधाताई, तुम्ही नाव वाचायला थांबलात असं लिहिलंत, ते वाचून फार बरं वाटलं. थांबत जा लोकहो.

टपाल_खातं

@विंगेतला दंडवत घ्या. तुमची कुठली एकांकिका रेकॉर्ड झालेली आहे का? खरंच बघायचीये.

विंगेतला

आहे एक, आवाज फार खराब आहे. निरोपातून पाठवतो.

चष्मेबद्दूर_नागपूर

गिरिजा ओकबद्दल कोणीच नाही? निळ्या साडीतली तिची मुलाखत, सगळीकडे तीच. माझ्या दिल्लीच्या मित्राने विचारलं ही नवीन आहे का. नवीन!

दख्खनची_राणी

@चष्मेबद्दूर_नागपूर 'लज्जा' मालिकेपासून बघतेय तिला. 'दोन स्पेशल' नाटकात जितेंद्र जोशीसमोर उभी राहिलेली बघितलीये. पण या प्रसिद्धीने मला निखळ आनंद नाही झाला. कौतुक दिसण्याचं झालं आणि मागोमाग मॉर्फ केलेले फोटो फिरायला लागले. तिला त्यावर व्हिडिओ करून बोलावं लागलं. लोकांनी आता तिचं काम बघावं एवढीच इच्छा.

शेवंता_नव्हे_शेवंती

अमृता सुभाष. 'श्वास'पासून. 'गली बॉय'मध्ये रणवीरची आई झाली तेव्हा माझी मुलगी म्हणाली, "ही किती भारी आहे." मी म्हटलं, बाळा, बस, 'अस्तु' लावते. मुलगी रडून झोपली. आत्ता क्लासला सोडायचंय तिला, बाकी नंतर.

ओवी_आणि_अभंग

मी एरवी लिहीत नाही, फक्त वाचते. आज लिहिते.

'ऑल वुई इमॅजिन अॅज लाइट' नोव्हेंबर २०२४ला इथे लागला तेव्हा मावशीला घेऊन गेले होते. कानला ग्रां प्री पुरस्कार मिळालेला, तीस वर्षांनी मुख्य स्पर्धेत गेलेला भारतीय चित्रपट, हे मी तिला सांगितलं, तिला त्याचं काही नव्हतं. त्यात छायाताई पार्वती आहेत, हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करणारी विधवा. बिल्डर खोली रिकामी करायला सांगतो आणि तिच्याकडे तिच्या नावाचा एकही कागद नाही.

मावशीचं तेच झालं होतं. काका गेल्यावर कळलं की तीस वर्षं राहिली त्या खोलीचा एक चिठोरा तिच्या नावावर नव्हता. वकील झाले, कचेऱ्या झाल्या. शेवटी पिशव्या भरल्या आणि आमच्याकडे आली. त्यावर ती कधी रडलेली मी बघितली नाही.

थिएटरातही रडली नाही. पार्वती सामान घेऊन रत्नागिरीकडे आपल्या गावी निघाली, तेव्हा मावशी मोठ्याने म्हणाली, "हिला तरी जायला गाव आहे." पुढच्या रांगेतले वळून बघायला लागले. मी तिचा हात दाबला. बाहेर आल्यावर तिने विचारलं, ही बाई कोण, हिला कुणी सांगितलं हे सगळं? मी म्हटलं, छाया कदम. मावशीने नाव दोनदा म्हणून बघितलं. आता टीव्हीवर कुठेही दिसल्या की आतून हाक येते, "अगं ये, आपली छाया लागलीये."

निशिगंधा_७

@ओवी_आणि_अभंग काय बोलू. मावशींना माझा नमस्कार सांग. आणि एरवीही लिहीत जा.

रातराणी

+१. ओवी, मावशींना एकदा 'रेडू' दाखव. हसतील.

ओवी_आणि_अभंग

आज रात्री लावते. 'जोगवा' कुठे मिळेल ते कोणीच सांगितलं नाही पण.