‘नक्षी आकारानुसार बदलते’: आकार म्हणजे कुठला?

कुंचला: भ्रूणातल्या नक्षीवरचा लेख मराठीत करतोय, या वाक्याशी अडलोय. झेब्रामाशाचा भ्रूण कापून लहान केला तरी कण्याचे खंड तेवढेच पडतात, फक्त बारीक. एंजलमाशाचं उलट. मासा वाढतो तसे मधे नवे पट्टे येतात, दोन पट्ट्यांतलं अंतर कायम. कोंडो आणि असाई या जपानी संशोधकांनी १९९५ साली दाखवलंय. दोन्हींना ‘बदलते’च म्हणू?

शुद्धमती: आकार म्हणजे ठेवण. तुम्हाला आकारमान हवंय. आणि नक्षी अरबी आहे, ‘आकृतिबंध’ लिहा.

टेबल नं. ४: आमच्या कचेरीत आकृतिबंध म्हणजे कुठल्या पदावर किती माणसं. अजून मंजुरी आली नाही!

पूर्वभाग: नक्षीच राहू द्या. चादरीऐवजी नॅपकिन काढला तर बुट्टी लहान होत नाही ओ, जेकार्ड मागावर रिपीट, म्हणजे एका बुट्टीपासून पुढच्या बुट्टीपर्यंतचं माप, ठरलेला असतो. कापडाचा पन्हा (रुंदी) कमी झाला की बुट्ट्या कमी.

कुंचला: अण्णा, पट्ट्यांचं हेच! गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने १९५२ साली मांडलं ते असंच. एक रसायन चेतवणारं, दुसरं दाबणारं. ती किती वेगाने पसरतात, एकमेकांवर कशी चालतात, यावर अंतर ठरतं. अंगाची लांबी त्यात येतच नाही. खंडांचं गणित निराळं. ते पेशींमधल्या घड्याळाच्या ठोक्यावर पडतात, झेब्रामाशात साधारण अर्ध्या तासाला एक, कोंबडीत दीड तासाला. भ्रूण लहान असला की संदेश देणाऱ्या रसायनाचा उतार (एका टोकाकडून दुसरीकडे कमी होत जाणारं प्रमाण) सुद्धा आखूड होतो, म्हणून दर ठोक्याला तुकडा बारीक पडतो.

शुद्धमती: मग खंडांना ‘संख्या स्थिर’, पट्ट्यांना ‘अंतर स्थिर’ म्हणा. ‘रिपीट’ मात्र नको. आवर्तन.

पूर्वभाग: कारखान्यात आवर्तन म्हटलं तर जॉबर (मुकादम) विचारेल, उजनी धरणाचं पाणी कालव्याला सुटलं का?

सातरस्ता: ‘वीण’ का नको? कापडाची वीण, पाखरांच्या विणीचा हंगाम. विणकाम आणि जन्म एकाच धातूत, भ्रूणाला याहून चांगला शब्द कुठला?

शुद्धमती: मुळं वेगळी आहेत. उच्चार जुळला म्हणून नातं लावू नका.

टेबल नं. ४: आणि म्हैस ‘व्याली’ म्हणतात, ‘विणली’ कोण म्हणतं?

सातरस्ता: व्याली हे ‘विणे’चंच रूप आहे की! मोल्सवर्थचा शब्दकोश उघडून बघा.

पूर्वभाग: आमच्या घरी तेलुगू, म्हैस काय म्हणते ते मला विचारू नका.