युरोप-मर्कोसुर करार झाला म्हणे. आपल्या सोयाबीनचं काय?

माळरान_औसा | ११ डिसेंबर २०२४
राम राम मंडळी. ६ तारखेला उरुग्वेतल्या मोंटेव्हिडिओत युरोपियन युनियन आणि मर्कोसुर (ब्राझील, अर्जेंटिना वगैरे दक्षिण अमेरिकी देशांचा व्यापारी गट) यांचा व्यापार करार पक्का झाल्याचं वाचलं. २५ वर्षं बोलणी चालली होती म्हणे. आमच्याकडे वाटणीचे दावे एवढे चालतात.

तीन शंका आहेत. ब्राझील एवढा थोरला देश, तो एकटाच युरोपशी करार का करत नाही? फ्रान्सचे शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर का उतरले? आणि माझ्या मतलबाचं म्हणजे, अर्जेंटिनाचं सोया तेल युरोपकडे वळलं तर आपल्याकडे कमी येऊन भाव सुधारेल का? यंदा क्विंटलला ४,०५० ची पट्टी हातात पडली, हमीभाव ४,८९२ आहे. आडत्या म्हणाला, ओलावा जास्त. त्याचं यंत्र काय दाखवतं ते त्यालाच ठाऊक.

चालू_घडामोडी_पुणे
मर्कोसुर: स्थापना १९९१, असुन्सिओन करार. ब्राझील, अर्जेंटिना, उरुग्वे, पॅराग्वे; यंदा बोलिव्हिया. व्हेनेझुएला निलंबित. भारताचाही मर्कोसुरशी छोटा करार आहे, २००४ चा, १ जून २००९ पासून लागू. परीक्षेला एवढं पुरतं.

वेंगुर्ल्याचा_मेट
परीक्षेला पुरेल हो, पण औसेकरांना पट्टी आलीय ४,०५० ची.

मी टँकरवर चीफ ऑफिसर होतो, आता घरी नारळ मोजतो. तुम्ही म्हणता त्या तेलाच्या खेपा मी स्वतः भरल्यात, म्हणून तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

अर्जेंटिनात रोझारियोच्या जरा वर पाराना नदीवर सान लोरेन्झो आहे. समुद्रापासून चारशेवर किलोमीटर आत, पण काठाला गाळप कारखान्यांची रांग आणि प्रत्येकाचा स्वतःचा धक्का. जहाज लागलं की आधी सर्व्हेअर टाकीत उतरतो. आधीच्या तीन खेपांत काय वाहिलं त्याचे कागद बघतो, बॅटरी मारून कानेकोपरे तपासतो, नाक लावून वास घेतो. त्याचं समाधान झालं की मगच पाइप जोडायचा. नदीत जहाज पाण्याखाली ३४ फुटांच्या आसपासच बसेल एवढंच भरता येतं. २०२१ साली पाराना इतकी आटली होती की माल तयार असून आम्ही टाक्या अर्ध्यामुर्ध्या ठेवून निघालो. तिथून केप ऑफ गुड होपला वळसा घालून कांडल्याला यायला महिना.

हे तेल युरोपकडे वळायचं नाही. युरोपला अर्जेंटिनाकडून मुख्यतः पेंड लागते, गुराढोरांना आणि डुकरांना. सोयाबीन आणि पेंड यांवर युरोपात आधीपासूनच शून्य शुल्क आहे. जे शून्यच आहे ते करार आणखी कमी काय करणार? उलट अर्जेंटिनाचं सरकारच आपल्या शेतकऱ्याकडून निर्यातीवर कर कापतं, २०२४ साली दाण्यावर ३३ टक्के, तेल-पेंडीवर ३१. तिथला शेतकरीही शिव्याच देतो, फक्त स्पॅनिशमध्ये.

तुमचा भाव दिल्लीत आणि पेंडीत अडकलाय. १४ सप्टेंबरला सरकारने कच्च्या सोया तेलावरचं शुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर नेलं. तेल महागलं, मग सोयाबीन का नाही? क्विंटलभर सोयाबीनमधून तेल निघतं १८ किलोच्या आसपास, बाकी जवळजवळ सगळी पेंड. आणि पेंडीला गिऱ्हाईक नाही, कारण मका-तांदळापासून इथेनॉल करणारे कारखाने उरलेला चोथा पशुखाद्याला स्वस्तात देताहेत. बोंब तेलाच्या नावाने आणि मार पेंडीचा.

आता ब्राझील. वाटणीचा दावा म्हणालात, पण या भावांनी सातबारा सामाईकच ठेवलाय. बाहेरच्या मालावर चौघांचं शुल्क साधारण एकच, आणि २००० साली ठरवून घेतलं की परक्याशी शुल्काची बोलणी करायची ती मिळूनच. उरुग्वेने मध्यंतरी चीनशी एकट्याने करार करायचा घाट घातला, तर बाकीचे डोळे वटारून उभे राहिले. युरोपातून येणाऱ्या मोटारीवर यांचं शुल्क ३५ टक्के. ते उतरवणं हाच जर्मनीचा खरा इंटरेस्ट.

फडकरी_शिरोळ
मेटकाका, आणि साखर? ब्राझीलची साखर युरोपात घुसली तर बीटवाले मरतील की.

वेंगुर्ल्याचा_मेट
१ लाख ८० हजार टन, तीही शुद्धीकरणासाठी जाणारी कच्ची. कोटा, म्हणजे कमी शुल्कात येऊ देण्याची मर्यादा, जुनाच आहे, त्यावरचं टनामागे ९८ युरो शुल्क शून्य होणार, एवढंच नवीन.

फडकरी_शिरोळ
एवढीच? १५ लाख टन उसाचं गाळप, १२ टक्के साखरेचा उतारा, झाली की. आमच्याकडचा एक मोठा कारखाना एका हंगामात काढतो.

वेंगुर्ल्याचा_मेट
तेच तर. गोमांसाचं बघा. ९९ हजार टन, ७.५ टक्के शुल्काने, तेही पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने. युरोपची ४५ कोटी माणसं धरली तर माणशी वर्षाला पाव किलोसुद्धा नाही. कोट्याबाहेर पाठवायचं तर १२.८ टक्के आणि वर किलोमागे तीन युरो.

पण म्हणून फ्रान्सचा शेतकरी उगाच ओरडतोय असं मी म्हणणार नाही. टँकरआधी मी कंटेनर जहाजावर होतो. मोंटेव्हिडिओला मांसाचे रीफर, म्हणजे थंड ठेवणारे कंटेनर, चढायचे, गोठवलेले नव्हेत, उणे १.४ अंशांवर फक्त गार ठेवलेले. दिवसातून दोनदा प्रत्येक डब्याचा आकडा वहीत लिहायचा. एखाद्यात पारा अर्धा अंश चढला की इलेक्ट्रिशियनची झोप गेलीच. एवढे लाड कोण करेल? अख्खं जनावर त्यात जात नाही. जातो तो पाठीचा, महागातला तुकडा. फ्रान्सच्या गुराख्याची कमाई नेमकी त्याच तुकड्यावर असते. टनात थोडं, पण घाव वर्मावर. शिवाय आपल्याला बंदी असलेली औषधं तिकडे चालतात, ही त्याची तक्रार. ती मला तरी रास्त वाटते.

नोव्हेंबरात एका मोठ्या फ्रेंच सुपरमार्केट साखळीच्या प्रमुखाने जाहीर केलं, मर्कोसुरचं मांस विकणार नाही. ब्राझीलच्या कत्तलखान्यांनी त्यांच्याच ब्राझीलमधल्या दुकानांचा माल तोडला. आठवडाभरात माफीचं पत्र आलं.

माळरान_औसा
मग फ्रान्स हे अडवू शकतं का?

वेंगुर्ल्याचा_मेट
एकट्याने नाही. त्यांच्या संसदेत २६ नोव्हेंबरला ४८४ विरुद्ध ७० मतांनी सरकारच्या विरोधाला पाठिंबा मिळाला, पण व्यापाराचं काम ब्रसेल्सच्या, म्हणजे युनियनच्या हातात. अडवायला किमान चार देश हवेत आणि त्यांची लोकसंख्या युनियनच्या ३५ टक्क्यांच्या वर. फ्रान्स, पोलंड, ऑस्ट्रिया, आयर्लंड मोजून पाहा, भरत नाही. इटली कुठे झुकते त्यावर आहे. २०१९ मध्येही 'झाला, झाला' म्हणून पेढे वाटले होते, मग ॲमेझॉनच्या आगी आणि पाच वर्षं सामसूम. मी तरी अजून पेढा घेणार नाही.

माळरान_औसा
म्हणजे उद्या आडतीवर तेलाचा नाही, पेंडीचा भाव विचारू?

वेंगुर्ल्याचा_मेट
पेंडीचा विचारा. आणि चार-पाच जणांत मिळून ओलावा मोजायचं यंत्र घ्या. जहाजावर आम्ही सर्व्हेअरच्या आकड्यावर कधी सही केली नाही, आपलं माप घेतल्याशिवाय.