मदत हवी : केळीच्या पन्हळीतल्या बेडकाचा फोटो जमेना

जुळे सोलापूरला राहतो. गच्चीवर कापलेल्या पिंपात केळ लावलीय. देठ खोडाला चिकटतो तिथल्या पन्हळीत पावसाचं पाणी साचतं, आणि आठ दिवस झाले, तिथं एक बेडूक मुक्कामाला आहे. सुपारीहून जरा मोठा. पाय पोटाखाली दुमडून बसला की वाळक्या पानाचा तुकडाच वाटतो. दुपारी पांढुरका, रात्री तपकिरी. बोटांच्या टोकाला टिकल्यांसारख्या गाद्या.

फ्लॅश मारला की ओल्या पाठीवर पांढरा डाग, नाही मारला की फोटो हलतो. चाळीसातला एक बरा आला, त्यात मागे वाळत घातलेली चादर! (सोलापूरचाच बेडूक, याचा पुरावा समजा.)

आंबोलीत अंगठ्याच्या पेराएवढे बेडूक झुडपात ओरडताना पाहिले होते, हा त्यातलाच का? केळीवर पिठ्या ढेकूणही झालाय, औषध मारू का? आई म्हणते मीठ टाक. तेवढं सोडून सांगा.

प्रतिसाद १
आंबोलीवाला नव्हे. ते झुडपी बेडूक. त्यातल्या स्यूडोफिलॉटस आंबोलीला २००९ साली त्या गावाचंच नाव मिळालं. त्यांच्या अंड्यातून थेट चिमुकला बेडूक निघतो, शेपटीवालं पिल्लू नाहीच. त्याला सततचा दमटपणा लागतो, आपल्याकडे कुठला? तुमचा बहुधा पॉलिपेडेटिस मॅक्युलेटस, न्हाणीघरात सापडतो तो साधा झाडबेडूक. मांडीच्या मागे गडद रंगावर पिवळे ठिपके दिसले की शंका नको. मीठ नको, औषधही नको. बेडकाची कातडी सगळं शोषून घेते. ढेकूण ओल्या फडक्यानं पुसा.

प्रतिसाद २
फ्लॅश बंद. टॉर्चवर बटर पेपरचे दोन पदर लावा, कुणाला तरी बाजूनं धरायला सांगा. मोबाइल पिंपाच्या काठावर टेकवून दोन सेकंदांचा टायमर. लेन्स त्याच्या डोळ्याच्या रेषेत हवी. वरून काढला की शेणाचा गोळा दिसतो. अर्ध्या मिनिटात उरका. पान वाकवू नका, पाणी सांडेल.

धागाकर्ता
जमलं! धाकट्यानं टॉर्च धरली. आडवी बाहुली स्पष्ट आलीय. मांडी काही दाखवली नाही पठ्ठ्यानं. पण आज सकाळी झाडांच्या पाण्याच्या टपात, पाण्याच्या वर कडेला साबणाच्या फेसासारखा गोळा चिकटलाय. उद्या टप धुवायचा होता.

प्रतिसाद १
धुऊ नका! ते त्यांचंच घरटं, आत अंडी आहेत. पिल्लं खालच्या पाण्यात पडतील. टप आहे तिथंच राहू द्या, झाडांना बादलीनं पाणी घाला.