चिडचिडही लक्षण असू शकतं

वर एका ताईंनी लिहिलंय, बारावीतला मुलगा दिवसभर खोलीत असतो, काही विचारलं की अंगावर येतो आणि नातेवाईक म्हणतात मोबाईल काढून घ्या. ताई, या वयात डिप्रेशन बऱ्याचदा रडण्यातून नाही, चिडचिडीतून दिसतं. माझ्या भाच्याचे मार्क ठीकच होते. गोल्फ क्लब मैदानावरचं रविवारचं क्रिकेट सुटलं, बॅट पलंगाखाली गेली, तेव्हा कुठे बहिणीला शंका आली. झोप, भूक, आवडीच्या गोष्टी दोन आठवडे विस्कटल्या असतील तर डॉक्टरांना दाखवाच. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांची चौकशी करा. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. मुलगा तयार नसेल तर तुम्हीच लावा, पालकांसाठीही आहे तो. गोळ्या दिल्या तर गुण यायला काही आठवडे लागतात, मनाने बंद करू नका (शेजारीपाजारी सांगतीलच).

आणि मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. 'हो' म्हणाला तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. द्राक्षबागेची फवारणीची औषधं घरात असतील तर आजच कुलपात टाका.