विद्यासागर सुधारक खरे, पण कोणाचे?

वाटसरू:
ईश्वरचंद्र विद्यासागर म्हटलं की १८५६ चा विधवाविवाह कायदाच आठवतो. मला मुलींच्या शाळांचं काम त्याहून मोठं वाटतं. नोव्हेंबर १८५७ ते मे १८५८, जेमतेम सात महिन्यांत बंगालच्या खेड्यापाड्यांत ३५ शाळा आणि तेराशेच्या आसपास मुली! सरकारनं पैशाला हात आखडता घेतला, तेव्हा त्यांनी वर्गणी गोळा करून शाळा चालवल्या. १८५८ मध्येच सरकारी नोकरीही सोडली. अशा माणसाला ‘भद्रलोकांचा’ (म्हणजे बंगालमधल्या वरच्या, शिकलेल्या वर्गाचा) सुधारक म्हणून निकालात काढणं अन्याय आहे.

सातारकर:
निकालात काढत नाही, पण १८५९ चं त्यांचं पत्र वाचलंत का? सरसकट जनतेला शिकवणं शक्य नाही, सरकारनं वरच्या वर्गांकडेच लक्ष द्यावं, असं त्यांनी सरकारला कळवलं. संस्कृत कॉलेजची दारं कायस्थांना उघडली, मात्र सुवर्णबणिक या खालच्या मानलेल्या व्यापारी जातीतल्या मुलाला प्रवेश देण्याच्या विरोधात मत दिलं. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगाला नेमकं उलट सांगितलं: महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्यांच्या शिक्षणावर.

वाटसरू:
पत्रातलं कारणही सांगा ना. मूल कामाजोगं झालं की गरीब घर त्याला शाळेतून काढतं, हे त्यांनी लिहिलं होतं. हे तर डोळ्यांदेखत दिसणारं वास्तव होतं.

सातारकर:
वास्तव होतंच. म्हणून तर तिथे सरकारी पैसा आधी जायला हवा होता. रोग बरोबर ओळखला आणि औषध भलत्यालाच दिलं.

ताई:
मला विधवाविवाह कायद्याबद्दल बोलायचंय. विरोधकांच्या अर्जावर छत्तीस हजारांवर सह्या, विद्यासागरांच्या अर्जावर हजारही नाहीत. तरी पराशरस्मृतीचा आधार घेऊन ते भांडले, विधवांच्या लग्नांच्या खर्चापायी कर्जबाजारी झाले, १८७० मध्ये स्वतःच्या मुलाचं लग्न विधवेशी होऊ दिलं. विष्णुशास्त्री पंडितांनी त्यांचं विधवाविवाहावरचं पुस्तक मराठीत आणलं, ते उगाच नाही. पण पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जाई, हे कलम त्याच कायद्यात होतं. बाईनं कुंकू घ्यावं की भाकरी?

वाटसरू:
ते कलम बोचतं, मान्य. पण कर्माटाडला (आजच्या झारखंडात) संथाळ आदिवासींमध्ये राहून त्यांना औषधं देणारे, शिकवणारे विद्यासागरही तेच ना?

सातारकर:
कर्माटाडपुढे मी हात जोडतो. पण तिथे त्यांनी स्वतःच्या पदरचं दिलं. पत्र सरकारी पैशाबद्दल होतं.