चर्चा: कच्चं तेल उतरतं, मग इंदूरच्या पंपावर भाव का उतरत नाही?

रामबागकर (इंदूर):
माझं मत आधीच सांगतो. आपल्या पंपावरचा भाव कच्च्या तेलापेक्षा कर लावणाऱ्यांच्या निर्णयांवर जास्त हलतो.

हिशेब करून बघा. कच्च्या तेलाचं एक पिंप १५९ लिटरचं. डॉलर ८५ रुपयांचा धरला, तर पिंपामागे एक डॉलर उतरला की लिटरमागे साधारण ५३ पैसे वाचतात. एप्रिल २०२५ मध्ये ब्रेंट, म्हणजे ज्या कच्च्या तेलाचा भाव जगभर मापदंड धरतात ते, काही दिवसांत पिंपामागे ७५ डॉलरच्या आसपासून ६५ च्या खाली आलं. म्हणजे लिटरला पाच रुपये सुटायला हवे होते. त्याच सुमारास, ८ एप्रिलला, केंद्राने पेट्रोलवरचं अबकारी शुल्क लिटरमागे दोन रुपयांनी वाढवलं आणि पंपावरचा भाव होता तिथेच राहिला. २०१४ ते २०१६ मध्येही हेच झालं होतं. ब्रेंट ११० वरून ३० च्या खाली घसरलं आणि पेट्रोलवरचं अबकारी ९.४८ वरून २१.४८ रुपयांवर गेलं. स्वस्ताईचा मोठा वाटा वाटेतच काढून घेतला गेला.

आता बडोदा बघा. देश एक, डॉलर एक, तरी २०२५ मध्ये तिथलं पेट्रोल इंदूरपेक्षा जवळपास बारा रुपयांनी स्वस्त. मध्य प्रदेशात २९ टक्के व्हॅट, म्हणजे राज्याचा विक्रीवरचा कर, वर लिटरमागे अडीच रुपये, वर १ टक्का सेस (उपकर). गुजरातेत १३.७ टक्के व्हॅट आणि ४ टक्के सेस. यात तेलाच्या विहिरीचा काय दोष?

हिशेबनीस (इंदूर):
रामबागकर, तुम्ही उताराचीच वर्षं निवडलीत. चढाचंही बोला. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे ब्रेंट १३० च्या वर गेलं. नोव्हेंबर २०२१ पासून भाव गोठवलेले होते, ते २२ मार्चपासून वाढू लागले आणि दोन आठवड्यांत दहा रुपयांनी चढून पुन्हा थांबले. त्या एप्रिल-जून तिमाहीत इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या तिन्ही सरकारी कंपन्यांना मिळून १८,००० कोटींहून जास्त तोटा झाला. तो आपल्या खिशातून त्या वेळी गेला नाही, हे खरं की नाही? मे २०२२ मध्ये केंद्राने अबकारी आठ रुपयांनी उतरवलंही.

आणि रुपया विसरू नका. २०१४ साली डॉलर साठच्या आसपास होता. तेच ६५ डॉलरचं पिंप आता रुपयांत कितीतरी महाग पडतं. आपण बहुतेक तेल आयात करतो, त्यामुळे मुळाशी कच्चं तेल आणि डॉलरच आहेत.

रामबागकर:
तोटा एका तिमाहीचा, मान्य. पण २०२३-२४ या वर्षात त्याच तिघांचा नफा ८०,००० कोटींच्या पुढे गेला. त्या वर्षी ग्राहकाला काय मिळालं? मार्च २०२४ मध्ये दोन रुपये, तेही लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर. जून २०१७ पासून भाव रोज बदलतात असं कागदावर आहे. मग दोन-दोन वर्षं आकडा हलत नाही तो कोणाच्या हुकमाने?

दांडियाबाजार (बडोदा):
दादा, आमच्याकडे लोक म्हणतात कोयलीची रिफायनरी इथेच आहे म्हणून पेट्रोल स्वस्त. ते चूक आहे. रिफायनरी १९६५ पासून आहे, पण दर आंतरराष्ट्रीय बाजाराला बांधलेला. जवळ असण्याने वाहतूक तेवढी वाचते. तुमच्याकडेही बीनाची रिफायनरी आहेच की. फरक पाडतो तो व्हॅट. इंदूरचे आमचे नातेवाईक परतताना दाहोदला टाकी भरूनच पुढे निघतात, म्हणजे जास्त दर लावून तुमचं राज्य सीमेवरची विक्री घालवतं. पण एक सांगते, गुजरातेत बंदरं आहेत, रसायनांचे कारखाने आहेत. म्हणून आमच्या राज्याला कमी व्हॅट परवडतो.

पंपवाले (देवास रोड):
शिव्या आम्हाला बसतात म्हणून लिहितो. आमचं कमिशन लिटरमागे जवळपास ठरलेलं, भाव चढला म्हणून ते फुगत नाही. माल मात्र आधी पैसे भरून घ्यावा लागतो. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये शुल्क रातोरात उतरलं आणि टाकीत महाग घेतलेला साठा स्वस्तात विकावा लागला. ती भरपाई कोणी दिली नाही.

हिशेबनीस:
ताईंचा मुद्दाच मला म्हणायचा होता. मध्य प्रदेशाकडे बंदर नाही आणि पेट्रोल जीएसटीबाहेर असल्याने राज्याच्या हातात उरलेल्या मोजक्या मोठ्या करांपैकी हा एक आहे. व्हॅट निम्मा केलात तर रस्ते, शाळा, महिलांच्या खात्यात जाणारे पैसे कुठून आणाल? ते उत्तर द्या, मग मी तुमच्या बाजूने.

रामबागकर:
निम्मा करा असं मी म्हटलंच नाही. टक्केवारी काढा आणि लिटरमागे ठराविक रक्कम ठेवा, एवढंच मागतो. आत्ता राज्याचा व्हॅट केंद्राच्या अबकारीवरही लागतो, म्हणजे करावर कर. केंद्राने दोन रुपये वाढवले की राज्याचा वाटाही त्यावर बसतो. डिलिव्हरीवर दिवसभर गाडी फिरवणाऱ्या पोराने हे का भरायचं?

हिशेबनीस:
ठराविक रक्कम असेल तर भाव उतरल्यावर कर उतरणार नाही, हेही लक्षात घ्या. टक्केवारीत निदान तेवढं तरी होतं.

रामबागकर:
भाव उतरू दिला तर ना! २०२५ च्या एप्रिलमध्ये पाच रुपयांची जागा होती. त्यातले दोन केंद्राने घेतले, उरलेले कंपन्यांकडे राहिले, आणि मूळ भावच हलला नाही तर टक्केवारी कमी होणार कशाची?