पब्लिक लँडवरचा ट्रेल कॅमेरा: कुलूप, उंची की लावूच नये?

वाटाड्या
अमेरिकेत विस्कॉन्सिन, मिशिगन, ओहायोकडच्या सार्वजनिक शिकारीच्या रानात ट्रेल कॅमेरे (झाडाला बांधून ठेवायचे, जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे) चोरीला जातात, हे सगळ्यांना माहीत आहे. वाद आहे तो उपायावर. माझं मत: लोखंडी पेटी आणि केबलवर पैसे घालू नका. ८ मिमीची पायथन केबल (कुलूप लावायची पोलादी दोरी), पत्र्याची जाड पेटी आणि कुलूप यांची बेरीज केली तर तेवढ्यात दुसरा साधा कॅमेरा येतो. शिवाय चोराला केबल कापावी लागतच नाही. केबल ज्यातून ओवतो तो कॅमेऱ्याचा प्लॅस्टिकचा कान पिळला की तुटतो.

त्यापेक्षा कॅमेरा १० फुटांवर न्या. झाडावर चढायला पट्ट्याने बांधायची एक क्लाइंबिंग स्टिक, म्हणजे छोटी शिडी, पुरते, ती परत येताना काढून आणायची. बहुतेक लोक चालताना पायाखाली आणि समोर बघतात, वर नाही. आणि आयआर, म्हणजे रात्रीच्या फोटोसाठीचा इन्फ्रारेड प्रकाश, ९४० नॅनोमीटरचाच घ्या. ८५० वाल्याचे दिवे अंधारात लालसर दिसतात आणि जागा उघडी पडते.

उतरंड
उंचीचं कौतुक सगळे करतात, तिचा तोटा कोणी सांगत नाही. कॅमेरा चालू करणारा पीआयआर सेन्सर बघतो ते अंगाच्या आणि मागच्या जमिनीच्या उष्णतेतला फरक, तोही प्राणी आडवा जात असेल तर नीट. कॅमेरा वरून खाली वाकवला की त्याचा टप्पा जमिनीवर एका छोट्या तुकड्यापुरता उरतो. त्या तुकड्याबाहेरून गेलेलं हरीण नोंदलंच जात नाही. ऑगस्टच्या दुपारी जमीन तापलेली असली की आणखी हाल.

कोनाचा हिशोब करून बांधा. भिंग १० फुटांवर, हरणाची छाती साधारण ३ फुटांवर, वाट झाडापासून २० फुटांवर, म्हणजे खाली झुकवायचा कोन साधारण १९ अंश. वाट ४० फुटांवर गेली तर १० अंशच. नुसती मागे काडी खुपसून हा कोन टिकत नाही, पट्टा सैल पडला की कॅमेरा मान टाकतो. फिरता ब्रॅकेट लागतोच, पण पट्ट्याने बसणारा. स्क्रूवाला नको, कारण बऱ्याच सरकारी रानांत झाडात खिळा-स्क्रू ठोकायला बंदी आहे. तोंड उत्तरेकडे ठेवा, नाहीतर मेमरी कार्डावर नुसतं ऊन आणि हलणाऱ्या फांद्या.

९४० बद्दल सहमत. मात्र रात्रीचे फोटो अंधुक येतात आणि पल्ला कमी होतो, हेही सांगा की.

सिग्नल_दोन_कांड्या
दोघेही जुन्या जमान्यात आहात. सेल्युलर, म्हणजे मोबाइल नेटवर्कवरून फोटो पाठवणारा कॅमेरा लावा. चोर आला की त्याचा फोटो तुमच्या फोनवर. कॅमेरा तुमच्या खात्याला जोडलेला, त्यामुळे नेणाऱ्याला तो सहज चालूही करता येत नाही.

उतरंड
फोटो फोनवर *कधी* येतो ते सेटिंग बघितलंत का? बॅटरी वाचवायला बरेच जण दिवसातून एकदा-दोनदा पाठवण्यावर ठेवतात. चोर सकाळी नऊला आला आणि पाठवणी संध्याकाळी सहाला असेल, तर फोटो चोराबरोबरच गेला. लगेच पाठवण्यावर ठेवलं तर बॅटऱ्या लवकर संपतात. त्यात थंडीत अल्कलाइन ढेपाळतात, म्हणून लिथियम हवेत, तो खर्च वेगळा. आणि आलेला फोटो असतो टोपी, मास्क आणि कॅमो जॅकेटचा. पोलिसांना त्यातून काय मिळणार? सिरियल नंबर लिहून ठेवला असेल तर निदान तक्रार नीट नोंदवता येते. तो किती जण लिहितात?

मोकळं_रान
मूळ प्रश्न कोणी विचारतच नाही. जमीन सगळ्यांची, मग तुमचा कॅमेरा तिथे तीन महिने कशाला? चोरीचं समर्थन नाही, चोरी ती चोरीच. पण एकाच पाणवठ्यावर कॅमेऱ्यांची गर्दी झाली की जनावर बिथरतं आणि माणसं भांडतात. ॲरिझोनाने १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी कॅमेरे बंदच केले. नेवाडात सार्वजनिक जमिनीवर १ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर बंदी आहे. २०२३ मध्ये कॅन्ससनेही आपल्या वन्यजीव खात्याच्या जमिनींवरून ते हटवले. शिकारीच्या विक्रमांची नोंद ठेवणारा बून अँड क्रॉकेट क्लब तर थेट फोटो पाठवणाऱ्या कॅमेऱ्याच्या मदतीने मारलेलं जनावर नोंदीतच घेत नाही. सिग्नलराव, वाचताय ना?

खुरांचे ठसे, झाडावर शिंगं घासल्याच्या खुणा, ताजी लेंडी हे वाचता येत असेल तर चोरीला जाण्यासारखं काही रानात ठेवावंच लागत नाही.

सिग्नल_दोन_कांड्या
वाचतोय. विस्कॉन्सिनात तशी बंदी नाही, आणि नोकरी सांभाळून दर शनिवारी दोनशे मैल गाडी हाकून ठसे वाचायला सगळ्यांना जमत नाही. वारंवार आत गेल्याने माणसाचा वास पसरतो तो वेगळाच. सेल्युलरमुळे फेऱ्या कमी होतात.

ताडोबाकाठी
भारतात वन्यजीव कायद्याने शिकारच बंद, त्यामुळे इकडचे कॅमेरे गणनेचे. २०१८ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी लावले होते. चोरीची भीती इथेही आहे, पण तुमचा उंचीचा उपाय आम्हाला चालत नाही. वाघ ओळखायचा पट्ट्यांवरून, आणि डाव्या-उजव्या कुशीचे पट्टे वेगळे. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याच्या उंचीवर, समोरासमोर दोन कॅमेरे. लपवायला वावच नाही. उरते पेटी, साखळी आणि बीटवरच्या वनरक्षकाची फेरी. कॅमेरा गेला तर नवा मिळतो, पण कार्ड गेलं की त्या ठिकाणचे तेवढे दिवस हिशोबातून गेले. म्हणून वाटाड्या, पेटीला सरसकट मोडीत काढू नका. हत्यार न आणलेला, जाता जाता हात मारणारा माणूस तिच्यापुढे थांबतो.

वाटाड्या
कार्डाचा मुद्दा मान्य. कॅमेरा तसाच ठेवून नुसतं कार्ड काढून नेणारेही भरपूर आहेत, आणि झाकणावर बसणारी पेटी त्यांना अडवते. उंचीचा कोनही उतरंड म्हणतात तसाच धरावा. पण पार्किंगपासून मैलभर आत, वाट सोडून लावलेल्या कॅमेऱ्याला पेटी कशाला?

उतरंड
अस्वलासाठी. उत्तर विस्कॉन्सिनात कॅमेऱ्याला माणसाचा वास असला की काळं अस्वल येऊन तो चावतं, ओरबाडतं. भिंग फुटलं की दुरुस्ती नाही. मैलभर आत चोर कमी, अस्वलं जास्त. आणि कुलपात तेल घालू नका, थंडीत घट्ट होतं. ग्रॅफाइटची पूड घाला.